पढविलेला साक्षीदार

कोणतीहि गोष्ट मोजली म्हणजे ती कळली, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत चांगलीच रूढ झाली आहे. पावसाचे इंच, परीक्षेचे गुण, शेताचें उत्पन्न, अंगांतील ताप हें सर्व आंकड्यांत सांगतां येतें, आणि आंकडा हा कोणाचा मिंधा नसतो, असें आपण गृहीत धरून चालतों. मनुष्य भिडेस पडून खोटें बोलेल, तराजू बोलणार नाहीं. ह्या समजुतींत तथ्य पुष्कळ आहे, आणि तिची निंदा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु मोजणाऱ्याचाच हात जेव्हां मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर चालत असतो, तेव्हां आंकड्याच्या साक्षीची किंमत काय, हा प्रश्न जितका तर्कशास्त्राचा तितकाच नीतीचाहि आहे. त्याचा विचार करण्यास अतिदक्षता विभागांतील श्वसनयंत्राइतकें, म्हणजे लोकांच्या तोंडीं बसलेल्या व्हेंटिलेटरइतकें, चांगलें उदाहरण मला दुसरें दिसत नाहीं.

हें उदाहरण वाचकांस परकें वाटूं नये. वाशीम जिल्ह्यांतील आमच्या कामरगांवासारख्या ठिकाणींहि व्हेंटिलेटर हा शब्द आतां घरोघरीं ठाऊक आहे. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हां तो पुष्कळांच्या कानीं आला. आणि २०२० व २०२१ च्या करोनाच्या सांथींत तर बोटास लावण्याचा चिमुकला ऑक्सिमीटर खेड्यांतून पोंचला व शाळेचा उंबरठाहि न ओलांडलेल्या आजीबाई चौऱ्याण्णव आणि चौऱ्याऐंशी ह्यांतील भेद जाणूं लागल्या. गांवांतला कोणी विळ्याची जखम चिघळून, कोणी बाळंतपणांतील जंतुदोषानें, कोणी न्यूमोनियानें अत्यवस्थ झाला म्हणजे त्यास कारंजास, आणि तेथें भागलें नाहीं तर अमरावतीस, अकोल्यास किंवा नागपुरास नेतात. मग कांचेच्या दाराबाहेर बसलेल्या मंडळींस दिवसांतून एकदोन वेळां कोणी डॉक्टर येऊन सांगतो कीं, रक्तांतील गॅसचा रिपोर्ट आज सुधारला आहे. ह्या एका वाक्यावर सगळें घर तरंगत असतें. शेत गहाण टाकावें कीं न टाकावें, परगांवच्या मुलास निघून ये म्हणावें कीं थांब म्हणावें, हे निर्णय त्यावर होतात. म्हणून त्या वाक्यांत नेमकें काय सांगितलें जातें, हें पाहणें अगत्याचें आहे.

त्यासाठीं शरीराचा व्यवहार थोडक्यांत सांगितला पाहिजे. शरीरांत शिरलेल्या जंतूंशीं लढतां लढतां शरीराची प्रतिकारशक्तिच बेताल होते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि इंद्रियांस रक्त पुरेनासें होतें. ह्या अवस्थेस सेप्टिक शॉक म्हणतात. तींत लॅक्टेट नांवाचें द्रव्य, जें निरोगी मनुष्याच्या रक्तांत लिटरमागें २ मिलिमोलच्या आंत असतें, तें वाढत जातें आणि रक्त आम्ल होऊं लागतें. आम्लतेचें माप पीएच ह्या आंकड्यानें सांगतात. निरोगी रक्तांत तो ७.३५ ते ७.४५ असतो, तो जितका खालीं जाईल तितकी आम्लता अधिक समजावी.

ही आम्लता आवरण्यास निसर्गानें दोन रखवालदार ठेवले आहेत. पहिला बायकार्बोनेट; तें आम्लाशीं झुंजतां झुंजतां स्वतःच खर्ची पडतें. दुसरा श्वास. शरीरांत अहोरात्र निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड रक्तांत सांठला कीं आम्लता वाढते, आणि उच्छ्वासावाटे तो बाहेर टाकला कीं ती कमी होते. म्हणून असा रोगी धापा टाकूं लागतो. पाहणारास ती धाप रोगाचा हल्ला वाटते; वस्तुतः शरीरानें आपली आपण आरंभिलेली ती चिकित्सा असते. परंतु ह्या चिकित्सेस श्रम पडतात. थकलेला मनुष्य ती फार वेळ चालवूं शकत नाहीं, आणि तो थकला म्हणजे डॉक्टर त्याच्या श्वासनलिकेंत नळी घालून श्वासाचें काम यंत्राकडे सोंपवितात. त्या क्षणापासून मिनिटास किती श्वास घ्यावयाचे, हें बहुतांशीं डॉक्टर ठरवितो.

आतां एक ढोबळ हिशेब मांडून पाहूं. समजा, एका रोग्याचें बायकार्बोनेट निरोगी माणसाच्या २४ वरून १२ वर आलें आहे. यंत्र मिनिटास १५ श्वास देत आहे, आणि रक्तांतील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मापानें ४० मिलिमीटर आहे. रसायनशास्त्राच्या सूत्राप्रमाणें त्याचा पीएच ७.१० येतो, आणि हा आंकडा पाहून कोणत्याहि डॉक्टराच्या कपाळास आठ्या पडतील. मग प्रत्येक श्वासाचें माप तेंच ठेवून श्वासांची संख्या ३० केली. हवा दुप्पट खेळूं लागली, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा दाब निम्मा, म्हणजे २० झाला, असें धरूं. त्याच सूत्रानें पीएच आतां ७.४० येतो. प्रत्यक्ष शरीर कागदाइतकें सरळ वागत नाहीं, हें खरें. परंतु बदलाची दिशा हीच असते आणि तो अर्ध्या तासाच्या आंत दिसून येतो. ७.४० हा तर क्रमिक पुस्तकांतील आदर्श निरोग्याचा आंकडा होय! पण ह्या अर्ध्या तासांत रोग्यांत काय बदललें? जंतु तेच आहेत, लॅक्टेट तेंच आहे, बायकार्बोनेटहि जवळजवळ तेंच आहे. बदलला तो यंत्राचा वेग.

ह्या वाढीव वेगास मोल द्यावें लागतें, तेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मिनिटास १५ श्वास असतां प्रत्येक श्वासास ४ सेकंद मिळतात; ३० असतां दोनच मिळतात. प्राणायामाच्या भाषेंत बोलावयाचें तर पूरकाचा वेळ फारसा कमी करतां येत नाहीं, सबब काटछाट होते ती रेचकाची. रेचक पुरा होण्यापूर्वींच पुढचा पूरक आला तर हवा फुप्फुसांत सांचत जाते, छातींतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारें रक्त अडतें, आणि आधींच उतरलेला रक्तदाब आणखी उतरतो. म्हणजे कागदावरील आंकडा सुधारत असतां खाटेवरील मनुष्य बिघडत जाणें शक्य आहे. उलट पक्षीं, धापा टाकणाऱ्या रोग्यास यंत्रावर घेतांना निजलेल्या निरोगी माणसास शोभतील असे १२ श्वास लावून दिले, तर शरीरानें चालविलेली चिकित्साच बंद पडते आणि थोडक्या वेळांत रक्ताची आम्लता प्राणावर बेतूं शकते. दोन्ही प्रसंगीं रक्ताची परीक्षा खरेंच बोलते. मात्र ती रोग्याविषयीं जितकें बोलते, तितकेंच यंत्राच्या कळीवर असलेल्या हाताविषयींहि बोलते.

न्यायालयांत पढविलेल्या साक्षीदाराचें जें स्थान, तेंच येथें ह्या सुधारलेल्या आंकड्याचें आहे. पढविलेला साक्षीदार खोटेंच बोलतो असें नाहीं. कित्येकदां तो अक्षरशः खरें बोलतो. परंतु त्याच्या तोंडून निघालेले शब्द वकिलानें आदल्या दिवशीं त्याच्या तोंडीं घातलेले असतात, म्हणून त्या शब्दांनीं वकिलाचाच पक्ष सिद्ध झाला असें न्यायाधीश मानीत नाहीं. आपण घडविलेल्या आंकड्यास पुढें करून 'पहा, रोगी सुधारला' असें म्हणणें, हें ह्याच जातीचें आहे.

येथें कोणी विचारील कीं, मग यंत्राचा वेग वाढविणें ही फसवणूक समजावयाची काय? मुळींच नाहीं. रक्त फार आम्ल झालें कीं हृदयाचा जोर कमी होतो आणि रक्तदाब सांवरणारीं औषधें नीट लागू पडत नाहींत. अशा वेळीं श्वास वाढवून घटका दोन घटका मिळविणें, व तेवढ्यांत जंतुनाशक औषधांस आपलें काम करूं देणें, हें डॉक्टराचें कर्तव्यच ठरतें. शरीर स्वतः जें करीत होतें तेंच तो पुढें चालवितो. तापानें फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर आई ओल्या कपड्याची घडी ठेवते, तींत कपट कोठें असतें? पण तीच आई त्या घडीखालीं थर्मामीटर लावून ताप उतरला म्हणून निश्चिंत होत नाहीं. उपाय करणारा हात आणि पुरावा घेणारा हात हे वेगळे ठेवावे लागतात, एवढा विवेक तिला कोणी न शिकवितां असतो. प्रश्न उपायाचा नसून उपायासच पुरावा समजण्याचा आहे.

आंकड्यामागील श्वास न पाहिल्यानें काय अनर्थ होतो, ह्याचें वैद्यकाच्या इतिहासांत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५२ सालीं डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. तेथील ब्लेगडाम इस्पितळांत ज्या पहिल्या ३१ रोग्यांस त्या काळच्या श्वसनयंत्रांच्या स्वाधीन केलें, त्यांपैकीं २७ दगावले. त्यांच्या रक्तांत कार्बन डायऑक्साइडचें एकंदर प्रमाण फार वाढलेलें आढळे, आणि तेवढ्यावरून रक्त अल्कधर्मी झालें असावें, असा तर्क तेथील डॉक्टरांनीं बांधला होता. ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरानें त्याच आंकड्याचा उलट अर्थ लावला: हे रोगी पुरेसा श्वासच घेत नाहींत, म्हणून तो वायु सांठला आहे आणि रक्त आम्ल झालें आहे. २७ ऑगस्ट १९५२ रोजीं एका मरणोन्मुख १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देववून, तींत नळी घालून, रबरी पिशवी हातानें दाबून त्यानें तिला श्वास दिला व आपलें म्हणणें खरें करून दाखविलें. पुढें सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें अशा पिशव्या दाबून माणसें जगविलीं, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. अतिदक्षता विभागाचा जन्म ह्याच प्रसंगीं झाला, असें मानतात. प्रयोगशाळेचा आंकडा पूर्वींहि खोटा नव्हता. 'तूं कोणत्या श्वासानें घडलास?' एवढाच प्रश्न त्यास कोणी विचारला नव्हता.

कोपनहेगनमध्यें वाईट आंकड्याचा अर्थ चुकला. चांगल्या आंकड्याचा मोह कसा फसवितो, हें दाखविणारा प्रयोग २००० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. फुप्फुसांस गंभीर इजा पोंचलेल्या, म्हणजे बहुधा न्यूमोनिया वा सेप्सिसनें ग्रासलेल्या, ८६१ रोग्यांचे त्यांत दोन वर्ग केले. एका वर्गास जुन्या रीतीप्रमाणें शरीराच्या मानानें किलोमागें १२ मिलिलिटरचे मोठे श्वास दिले. दुसऱ्यास ६ मिलिलिटरचे लहान श्वास देऊन, उणीव भरून काढण्यास लागेल तशी संख्या मिनिटास ३५ पर्यंत वाढविण्याची मुभा ठेवली. पहिले कांहीं दिवस मोठे श्वास घेणाऱ्यांच्या रक्तांत प्राणवायूचें मान अधिक चांगलें होतें. खाटेशेजारीं उभा राहून केवळ कागद पाहणाऱ्यानें त्यांसच भाग्यवान म्हटलें असतें. शेवटीं त्या वर्गांतील शेंकडा ३९.८ रोगी दगावले, आणि लहान श्वासांच्या वर्गांतील शेंकडा ३१. मोठ्या श्वासानें आंकडा उजळत होता, पण फुप्फुसें फाटत होतीं. तेव्हांपासून कार्बन डायऑक्साइड थोडा अधिक राहिला तरी चालेल, पीएच थोडा खालीं राहिला तरी सोसूं, पण फुप्फुसांस धक्का लावणार नाहीं, हें धोरण सर्वत्र रूढ झालें. आंकडा कुरूप राहूं देण्याचें धैर्य हाहि चिकित्सेचा एक गुण आहे, हें वैद्यकास फार मोल देऊन कळलें.

महाराष्ट्रांतील एका नांवाचा उल्लेख येथें उचित होईल. मुंबईचे डॉ. फरोख उदवाडिया ह्यांनीं ब्रीच कँडी इस्पितळांत अतिदक्षता विभाग उभारला, धनुर्वाताच्या रोग्यांस श्वसनयंत्राच्या साह्यानें मृत्यूच्या दाढेंतून ओढून काढण्याचें काम केलें, आणि भारतांतील अतिदक्षता वैद्यकाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. यंत्रांशीं ज्यांचा एवढा घरोबा, त्यांनींच रोग बरा करण्याच्या विसरलेल्या कलेवर निबंधांचें पुस्तक लिहावें, ह्यांत मला विसंगति दिसत नाहीं. यंत्राची खरी मर्यादा यंत्रापासून दूर राहणारास कळत नाहीं. ती त्याच्याशेजारीं रात्री काढणारासच कळते.

आतां मूळ नीतीच्या प्रश्नाकडे वळूं. माझ्या मतें अशा आंकड्याचे धनी असणारांवर दोन कर्तव्यें येतात. पहिलें लिहिण्याचें: रक्ताच्या परीक्षेशेजारीं यंत्राचा वेग, श्वासाचें माप व प्राणवायूचें प्रमाण लिहिलेलें असलेंच पाहिजे. त्यांवांचून तो कागद म्हणजे प्रश्नपत्रिकेवांचून गुणपत्रिका. दक्ष डॉक्टर हें करतातच. न करणें हा हलगर्जीपणाच नव्हे तर असत्याचा एक प्रकार आहे. दुसरें कर्तव्य बोलण्याचें, आणि तें अधिक कठीण आहे. 'रिपोर्ट सुधारला' ह्याऐवजीं 'आम्हीं यंत्राचा वेग वाढविला, म्हणून रिपोर्ट सुधारला. त्यानें आम्हांस वेळ मिळाला आहे. मूळ दुखणें अजून उतरलेलें नाहीं,' असें सांगावयास दहा सेकंद अधिक लागतात, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील आशा मावळतांना पाहण्याचें धैर्य लागतें.

खेड्यांतल्या माणसास हें काय कळणार, असा आक्षेप सुशिक्षितांकडून नेहमीं येतो. मला तो मान्य नाहीं. वऱ्हाडांतल्या कोणत्याहि शेतकऱ्यास विचारा. झरे जिवंत असलेली विहीर आणि टँकर ओतून भरलेली विहीर ह्यांचें पाणी काठावरून एकाच उंचीवर दिसतें, पण त्यास कोणतीच शंका राहत नाहीं. पाणी उपसलें तर पुन्हां भरेल काय, एवढेंच तो पाहतो. 'ह्यांचा झरा अजून सुरू झालेला नाहीं, सध्यां आम्ही टँकर ओततों आहों,' असें कोणी सांगितलें, तर कामरगांवचा मनुष्य पीएच न शिकतांहि सर्व समजेल, आणि शेत गहाण टाकण्याचा निर्णय डोळे उघडे ठेवून करील. आशेनें तो टाकील किंवा कर्तव्यबुद्धीनें टाकील. तो अधिकार त्याचा आहे. पण चुकीच्या समजुतीनें तो टाकूं नये, एवढें पाहणें आपलें काम आहे.

हा प्रश्न आतां केवळ सौजन्याचा उरलेला नाहीं. मुंबईच्या केईएम इस्पितळांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं निर्णय दिला. पुढें ९ मार्च २०१८ च्या निर्णयानें सन्मानानें मरण्याचा हक्क व त्यासाठीं आगाऊ लिहून ठेवलेला इच्छालेख मान्य केला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत पुष्कळ सोपी केली. कृत्रिम आधार चालू ठेवावा कीं थांबवावा, ह्या विचारांत कुटुंबास आतां कायद्यानें स्थान आहे. ज्याच्याकडे संमति मागावयाची, त्याच्या हातीं पढविलेल्या साक्षीदाराची जबानी देणें हें त्या संमतीचीच विटंबना करणें होय.

पढविलेला साक्षीदार नको तर न पढविलेला कोठें शोधावा? वैद्यकानें तो शोधून ठेवला आहे. लॅक्टेट उतरतें कीं नाहीं, लघवी होते कीं नाहीं, रक्तदाब सांवरणाऱ्या औषधाची मात्रा कमी करतां येते कीं नाहीं, ह्या गोष्टी यंत्राच्या वेगानें सहसा फिरत नाहींत. बोटाचें टोंक दाबून पांढरें करावें आणि सोडल्यावर तें किती सेकंदांत पुन्हां लाल होतें तें मोजावें, ही तर बिनखर्चाची परीक्षा. आणि दक्षिण अमेरिकेंतील पांच देशांत ४२४ रोग्यांवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिच्या आधारें केलेली चिकित्सा लॅक्टेटच्या आधारें केलेल्या चिकित्सेहून कमी ठरली नाहीं. परंतु सर्वांत प्रामाणिक परीक्षा दुसरीच आहे. रोगी थोडा सांवरला कीं डॉक्टर रोज सकाळीं यंत्राचा आधार जवळजवळ काढून घेतात आणि अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत त्यास आपला आपण श्वास घेऊं देतात. तो टिकला तर नळी निघते. न टिकला तर आधार पुन्हां देतात, व दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहतात. आपला हात घटकाभर बाजूस ठेवून मग आंकडा वाचणें, ह्याहून सरळ न्याय कोणता?

ही कसोटी इस्पितळापुरती ठेवण्याचें कारण नाहीं. आम्हां शिक्षकांस ती फार लागू आहे. प्रश्न सोपे करून, वाढीव गुण देऊन कॉलेजच्या निकालाचें प्रमाण वर नेतां येतें, आणि मग तेंच प्रमाण अध्यापनाच्या उत्कर्षाचा पुरावा म्हणून छापतां येतें. कुटुंबांत बापाच्या धाकानें गप्प असलेलें घर शांत म्हणून मिरवितां येतें. प्रत्येक ठिकाणीं एकच विचारावयाचें असतें: हात काढून घेतला तर काय उरेल? जेथें हात काढून घेणें आज शक्य नाहीं, तेथें निदान हात आहे एवढें कबूल करावें.

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या बायका डॉक्टरास पीएच विचारीत नाहींत, कार्बन डायऑक्साइडचा दाबहि विचारीत नाहींत. त्या बहुधा एवढेंच विचारतात कीं, "डॉक्टरसाहेब, श्वास त्यांचे ते घेताहेत कां?" आपणांस हा प्रश्न अडाणी वाटतो. वर जें कांहीं दोन हजार शब्दांत मांडलें, तें सर्व त्या एका प्रश्नांत आलेलें आहे. आणि त्याचें उत्तर खरें देणें, हें कोणत्याहि यंत्राच्या हातीं नसून माणसाच्याच हातीं आहे.